गोजराबाईंचे पेन्सिलचित्र

कामरगाव
रविवार, ३ नोव्हेंबर १९३५

नवी वही. हेतू: माझ्या चित्रकलेतील प्रगतीची नोंद. वही ज्वारीच्या कणगीमागे ठेवणार. दुसऱ्या कोणी वाचायचे कारण नाही.

काल संध्याकाळी रंगराव पाटलांच्या ओसरीवर जे घडले ते शांतपणे लिहितो. शांतपणे लिहिता येत आहे यावरूनच मी घाबरलेलो नाही हे सिद्ध होते. रंगराव म्हणजे गावचे पाटील, दोनशे एकर कपाशीचे मालक आणि आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचा फोटो अकोल्याहून आला होता. सगळे वाहवा करत होते. त्यात रंगरावांच्या आई गोजराबाई यांचा फक्त पदर आला आहे. यंत्र दिसताच म्हातारीने तो तोंडावर ओढला, आणि पुन्हा त्या यंत्रासमोर बसणार नाही म्हणून शपथ घेतली. मी सहज म्हणालो की यंत्रात जीव नसतो. हाताने काढलेल्या चित्रात जो भाव येतो तो निराळाच.

रंगराव म्हणाले, "मास्तर, तुमाले येते काय चित्र काढता?"

मी म्हणालो, "येते."

एक शब्द. तोंडातून निघून गेला.

रंगराव उठून माझ्याशेजारी येऊन बसले. "मंग मायचं काढून द्या. वैद्य म्हनते, संक्रांत पाहत नाई ते. एक तोंड तं राहू द्या घरात." त्यांचे डोळे ओले झाले होते. अशा वेळी "मला येत नाही" म्हणणे असभ्य दिसले असते. मुदत दत्तजयंतीपर्यंत. पाच आठवडे. भरपूर.

आणि मी अगदीच खोटे बोललो असेही नाही. ट्रेनिंगला असताना माझ्या नावाचा पोपट भिंतीवर लागला होता. पोपट माझ्या वर्गातल्या सोमला राठोडने काढला होता, पण खाली नाव माझे होते, आणि साहेब त्यापुढे दोन मिनिटे थांबले होते.

छातीत धडधड होते आहे. सकाळची भाजी तिखट होती.

सोमवार, ४ नोव्हेंबर

ड्रॉइंगबुक, दोन पेन्सिली, एक रबर आणले. टाइमटेबल तयार:

मंगळवार रेघा. बुधवार गोल. गुरुवार नाक. शुक्रवार डोळे (दोन्ही). शनिवार कान, पण गोजराबाईंचे कान पदरात असतात, म्हणजे शनिवारी सुट्टी. रविवारी पूर्ण चेहरा व सही.

एका आठवड्यात उरकते. उरलेले चार आठवडे काय करावे हा प्रश्न आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रेघ सरळ आली नाही. वीस काढल्या. सगळ्या उजवीकडे जाता जाता खाली घसरतात. पेन्सिल सदोष आहे.

माझी बायको कस्तुरा भाजी निवडता निवडता वाकून म्हणाली, "हे काय, शेताचे धुरे-बांध वाहून गेले काय?" हिला कला कळत नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

रेघांचाच कार्यक्रम पुढे चालू. पाया पक्का हवा. गोल व नाक पुढे ढकलले.

दुपारी रंगराव शाळेत आले. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. खांद्यावर मागून हात पडला. हात सुपाएवढा. "झालं काय सुरू, मास्तर?" मी म्हणालो, प्राथमिक तयारी चालू आहे. खडू हातातून पडला. खडू आजकाल फार गुळगुळीत येतात.

घरी कस्तुराने नको ती आठवण काढली. मागच्या साली एका बैलवैद्याने रंगरावांचा बैल बरा करतो म्हणून शब्द दिला होता. बैल मेला. रंगरावांनी वैद्याला दिवसभर त्याच दावणीला बांधला आणि पुढे कडबा टाकला. कस्तुरा म्हणाली, "तो बिचारा खात होता म्हने. भ्याला होता ना."

जेवण गेले नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

भाऊसिंगच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, कारंज्याला गेलो. तिथे जैन मंदिरात भिंती रंगवणारे नानाजी चितारी आहेत. वाळकी काठी असावी तसा माणूस, बोटे हिरवी-निळी. मी सांगितले की माझ्या एका मित्राला चित्रकला शिकायची आहे, तरी मूलतत्त्वे काय ती मला सांगावीत, मी त्याला कळवीन.

नानाजी पालथ्या डब्यावर बसले होते. त्यांनी विचारले, मित्राले कायचं चित्र काढाचं हाय? मी म्हणालो, एका म्हाताऱ्या बाईचे. कधीपर्यंत? दत्तजयंतीपर्यंत. नानाजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "तुमच्या मित्राले म्हना, गाव सोड."

मी हसलो. ते हसले नाहीत.

शेवटी दया आली असावी. कोळशाने जमिनीवर एक रेघ ओढली, सुतासारखी सरळ. म्हणाले, मनगटानं नाई, खांद्यापासून हात हालवाचा. रोज शंभर रेघा, शंभर गोल. पुढच्या रविवारी या. येताना गुरुदक्षिणा म्हणून घरच्या वाडीतली भाजी आणायची.

मी ट्रेनिंग झालेला मास्तर, आणि मला रेघा! तरी मित्रासाठी करून पाहीन.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

रेघा: सोमवारी शंभर. मंगळवारी साठ. बुधवारी शाळेचे रिपोर्ट होते. आज अकरा, पण मनापासून.

गोल: एकही मिटत नाही. जिथून निघतो तिथे परत येतच नाही. कस्तुरा म्हणते, त्याले घर आठवत नसंन.

डावी पापणी लवते आहे. शुभ की अशुभ ते विसरलो. विचारायचे धाडस नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

कारंजा. नानाजींना अर्धी टोपली वांगी दिली. त्यातलेच एक त्यांनी उन्हात ठेवले आणि म्हणाले, काढा. मी काढले. ते म्हणाले, "हे तुमच्या डोक्यातलं वांगं झालं. समोरचं काढा." त्यात काय फरक? वांगे ते वांगे. त्यांनी उजेड कुठून पडतो, सावली कुठे दाट, कुठे पातळ, कडेला परत उजेडाची बारीक किनार कशी येते, ते बोटाने दाखवले. तासभर नुसते पाहायला लावले. पेन्सिलला हात लावू दिला नाही.

मग माप घ्यायची रीत शिकवली. हात ताठ समोर, पेन्सिल उभी, एक डोळा मिटायचा, आणि अंगठा सरकवून मापायचे की कपाळ किती, नाक किती. अगदी शास्त्रीय आहे. मला लगेच समजले.

तिसरे वांगे बरे आले. नानाजी "हं" म्हणाले. यापेक्षा जास्त ते कोणालाच म्हणत नसावेत.

सोमवार, १८ नोव्हेंबर

वांगे सगळ्यांना दाखवले. कस्तुराने कबूल केले की वांगे आहे. आत्मविश्वास पूर्ण परत आला. चेहरा म्हणजे तरी काय? वांग्यालाच नाक, डोळे.

बुधवार, २० नोव्हेंबर

गोजराबाईंचा खोकला वाढला. रंगरावांचा निरोप: उद्यापासून येऊन बसा, वाट पाहण्यात अर्थ नाही.

हात थरथरतात. थंडी पडली आहे. (घाम का येतो ते कळत नाही.)

लीव्हचा अर्ज लिहिला: ताप. फाडला. ताप आला तर रंगराव वैद्य घेऊन येतील. दुसरा अर्ज लिहिला: बदली मिळावी. कुठेही चालेल, असे लिहिले. मग गेल्या वर्षी एका मास्तरांना काटेपूर्णेच्या जंगलातली शाळा मिळाली ते आठवले. तिथे वाघ शाळेच्या पायरीवर बसतो म्हणे. वाघ आणि रंगराव यांचा नीट विचार केला. अर्ज तूर्त ठेवून दिला आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पहिले सिटिंग. झाले ते सर्व लिहितो.

अंगणात उन्हाला बाज टाकली होती. गोजराबाई उशांना टेकून बसल्या होत्या. एवढीशी म्हातारी, पण नजर अशी की माणूस आपोआप टोपी सारखी करतो. रंगराव आत बैलांचे पाहत होते. मी स्टुलावर बसलो. शास्त्रीय पद्धतीने हात ताठ केला, पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला.

गोजराबाई मोठ्याने म्हणाल्या, "काहून रे मास्तर? डोया मारून राह्यला मले?"

रंगराव गोठ्यातून बाहेर आले. हातात दावे होते.

मी उभा राहिलो. स्टूल पडले. मी माप, कपाळ, शास्त्र, कारंजा असे काहीतरी बोललो. रंगराव दावे हातावर गुंडाळत पुढे आले. तेवढ्यात म्हातारी खदखदा हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला. खोकला थांबेना. चेहरा निळा पडला. मला वाटले, गेली. आणि माझ्यामुळे गेली. देवाला नवस बोललो. कोणत्या देवाला ते आठवत नाही.

पाणी पाजले. थांबला खोकला. त्या म्हणाल्या, "रंग्या, जाय तू. लई दिवसानं हासली मी. बसू दे त्याले."

कागदावर आज एक टिंब. ते टिंब पेन्सिल पडल्यामुळे आले आहे.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

एक गोष्ट सुचली आणि मी सुरक्षित झालो. रंगरावांना गंभीरपणे सांगितले की अर्धे चित्र रक्ताच्या नातेवाइकाने पाहू नये. ज्याचे चित्र त्याला बाधते. त्यांनी ताबडतोब कानाला हात लावला. आता सिटिंगच्या वेळी ते अंगणात येतच नाहीत. उलट ओसरीच्या दारात उभे राहून दुसऱ्यांनाही अडवतात.

पण त्यामुळे बाहेर जायची वाटही बंद झाली आहे, हे नंतर लक्षात आले.

रविवार, २४ नोव्हेंबर

नानाजींकडे शेवटचा उपाय म्हणून गेलो. कबूल केले की मित्र नाही, मीच आहे. ते म्हणाले, "मालूम हाय." विनंती केली की माझे मेव्हणे म्हणून एक दिवस कामरगावला यावे, चित्र काढावे, सही मी करीन. नानाजींनी कुंचला धुतला, पुसला, आणि म्हणाले की चोरून देव सुद्धा रंगवत नाही मी. मग थोडे मऊ होऊन: "डर लागते ना? लागू द्या. हात कापते तं कापू द्या. पन डोये नका कापू देऊ. पाहा."

परतताना दमणीत भाऊसिंग म्हणाला, मास्तर, रडून राह्यले काय? धूळ होती.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

पकडलो गेलो.

मी कागद लपवून रेघा ओढत होतो. गोजराबाईंनी हात पुढे केला. "आन इकडे." मी बाधेचे सांगितले. त्या म्हणाल्या, "मले सत्तर वर्सं बाधलं नाई काई, आता काय बाधते." कागद ओढून घेतला. त्यावर एक वांगे होते, त्याला नाक, आणि भोवती पुष्कळ रेघा.

उन्हात धरून बराच वेळ पाहिले. ओसरीच्या दारात रंगरावांची पाठ दिसत होती.

हळूच म्हणाल्या, "तुले येत नाई."

मी पेन्सिलीचे टोक पाहू लागलो.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं. रंग्याले नाई सांगत मी. पन येत जाय तू. लोक येते, कसं हाय बाई, पुसते, अन उत्तर आयकाच्या आत जाते. तू घंटाभर तोंडाकडे पाहून राह्यतं. कोनी पाह्यलं नाई रे एवढं. रंग्याच्या बापानंबी नाई."

गोजराबाईंना माझ्या कामातला प्रामाणिकपणा भावला आहे असे दिसते. रसिक बाई.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

नवी पद्धत. वांगे रद्द. गोजराबाई म्हणतात, तुला रेघाच येतात ना, मग माझ्या तोंडावर रेघांशिवाय आहे काय? रोज दोन-तीन रेघा काढायच्या, आणि प्रत्येक रेघ कुठली ते त्या सांगतात.

कपाळावरच्या आडव्या: वेचणीच्या. उन्हात पांढरी कपाशी डोळ्यांत घुसते. भुवयांमधली उभी: नवऱ्याच्या घोरण्याची. "तीस वर्सं झोप नाई आली, लेका." हनुवटीवरची तिरपी: नवी नवरी असताना दमणीचे जू लागले, सासूने हळद भरली आणि म्हणाली, बरं झालं, नजर नाही लागणार.

माझ्या रेघा अजूनही घसरतात. पण त्यांच्याही सरळ नाहीत. इथे आमचे जमते.

सोमवार, २ डिसेंबर

तोंडाच्या डाव्या बाजूची खोल रेघ. तिच्याबद्दल पहिल्यांदा विचारले तेव्हा त्या झोपल्याचे सोंग करून पडल्या. मग डोळे मिटूनच सांगितले. रंगरावांच्या आधी एक मुलगी होती. चंदा. चालायला लागली आणि तीन दिवसांच्या तापात गेली. सासू म्हणाली, पोरीसाठी घर डोक्यावर घेऊ नको. म्हणून दात दाबून धरले. "तवाची हाय ते. दात सोडलेच नाई मंग."

रंगरावांना माहीत आहे का, विचारले. "त्याले काहून सांगू? मोठा झाला तं मर्द झाला. मर्दाले कोन सांगते."

ती रेघ आज काढता आली नाही. पेन्सिलचे टोक तुटले. टोक करून पुन्हा बसलो, तरी नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

ती रेघ काढली. एका दमात, खांद्यापासून.

घरी येऊन पूर्ण कागद लांबून पाहिला. ही गोजराबाई नव्हे. ही कोणीच नव्हे. कोरड्या नाल्याचा नकाशा दिसतो. दत्तजयंतीला पाच दिवस. कस्तुराला म्हटले, आपण तुझ्या माहेरी केनवडला जाऊ या काही दिवस. ती म्हणाली, "काहून? तुमच्या सासऱ्याले नवं संकट पाह्यजे काय?"

शनिवार, ७ डिसेंबर

गोजराबाई बोलल्या नाहीत. श्वास वर लागला होता. मी ड्रॉइंगबुक उघडले नाही, नुसता बसलो. निघताना त्यांनी बोटाने बोलावले. कानाशी म्हणाल्या, "भिऊ नको."

मी भीत नाही, असे सांगायला तोंड उघडले. सांगितले नाही.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी गेल्या.

खांदेकऱ्यांत मी दुसऱ्या ओळीत होतो. रंगराव रडले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. डाव्या बाजूला रेघ पडायला सुरुवात झाली आहे.

आता चित्र मागणार नाहीत असे एक मन म्हणते. ते मन मला पहिल्यापासून फसवत आले आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

तेराव्याचे जेवण. पंगत उठली तसे रंगराव सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, आता रक्ताच्या मानसानं पाहाले हरकत नाई ना?"

घरी जाऊन आणायला हवे होते. घर पाच मिनिटांवर. मला अर्धा तास लागला. वाटेत दोनदा परसाकडे जाऊन आलो. कस्तुरा दारापर्यंत सोडायला आली. काही बोलली नाही. हे जास्त भयंकर.

रंगरावांनी मला आतल्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले. कागद उलगडला. खिडकीशी नेला. उलटा धरला, सुलटा धरला.

"हे माय नोहोय."

मी म्हणालो, नाही.

"तुमाले चित्र येत नाई."

मी म्हणालो, नाही येत. कधीच येत नव्हते. त्या दिवशी तोंडातून निघून गेले. पोपटाचेही सांगितले, का ते माहीत नाही. भिंतीला टेकून उभा होतो, कारण भिंत सोडली असती तर खाली बसलो असतो.

त्यांनी सुपाएवढ्या हाताचे एक बोट कागदावर ठेवले. "एवढी दाबून काहून काढली हे रेघ? बाकीच्या तं कापून राह्यल्या."

मी सांगितले. चंदाचे. ताप, सासू, दात.

रंगराव धान्याच्या पोत्यावर बसले. एवढा मोठा माणूस, पण पोत्यासारखाच बसला. म्हणाले, "मले बहीन होती?" मग म्हणाले, बाकीच्यासुद्धा सांगा. मी एकेक सांगत गेलो. घोरण्याचे सांगितले तेव्हा ते हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मीही. धूळ नव्हती.

चित्र भिंतीवर लागणार नाही. घडी करून त्यांनी मायच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवले. म्हणाले, लोकाईले दाखवू नका, हासतीन.

दावणीचा विषय निघाला नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

रात्री झोप लागली. सात आठवड्यांनी. उठलो तेव्हा वाटले, म्हणजे शेवटी आपला डोळा तयार झालाच. हात नसेल, पण डोळा चित्रकाराचा. नानाजीही हेच म्हणत होते.

शाळा सुटल्यावर रंगरावांनी बोलावले. ओसरीवर एकटेच होते. चहा दिला. बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग खालच्या आवाजात विचारले, "मास्तर, तुमी एवढे दिवस पाह्यलं. मायचे डोये कोन्या रंगाचे होते? काये का घारे?"

मी तोंड उघडले.

उन्हात, हातभर अंतरावर, रोज तास-तासभर. मला आठवले नाही. पेन्सिलीला रंग नसतो, असे म्हणालो. ते खोटे होते. मी पाहिलेच नव्हते.

रंगराव म्हणाले, "मलेबी आठवत नाई. कालपासून आठवून राह्यलो." आणि त्यांच्या तोंडावर जी भीती दिसली ती माझ्या ओळखीची होती. मग बैलांना पाणी दाखवायचे निमित्त करून ते उठले.

घरी आलो. सोळा वर्षे झाली लग्नाला. कस्तुराला म्हटले, जरा उजेडात ये, इकडे बघ. ती म्हणाली, "सैपाक करून राह्यली, दिसत नाई काय तुमाले?"

दिसत नाही.